एका छताखाली कुत्रा आणि हॅमस्टर : मैत्रीपेक्षा दुर्लक्ष मोलाचे

पांढरकवडा (प्रतिनिधी) - शाळांच्या परीक्षा संपल्या की मुलांच्या हट्टापायी घरात एखादा नवा जीव येतो. पूर्वी तो बहुधा ससा असे; आता हॅमस्टर, गिनीपिग किंवा पांढऱ्या उंदरांची जोडी असते. केळापूर तालुक्याचे मुख्यालय असलेले पांढरकवडा नागपूर-हैदराबाद महामार्गावर वसले आहे. असा प्राणी गावात मिळाला नाही, तरी दोन्ही दिशांच्या शहरांतून परतताना तो लहानशा खोक्यात घालून आणता येतो. घरात आधीपासून कुत्रा असेल, तर खरा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो. पिंजरा जमिनीवर ठेवून 'बघ, तुझा नवा मित्र' असे म्हणत कुत्र्याला जवळ बोलावले जाते आणि पुढच्या दोन मिनिटांत जे घडते, ते मुलांच्या मनात वर्षानुवर्षे राहते.

कुत्रा आणि कुरतडणारे लहान प्राणी एका घरात राहू शकतात. तथापि त्यांची 'मैत्री' घडवून आणणे हे उद्दिष्ट ठेवले, की चुका होतात. कुत्र्याला पिंजऱ्यातील जिवाचे कुतूहल उरू नये आणि त्या जिवाला कुत्र्याची भीती वाटू नये, एवढेच साध्य करायचे असते.

शिकारीची साखळी

कुत्रा हा लांडग्याचा वंशज. लांडग्याच्या शिकारीचे टप्पे ठरलेले असतात : भक्ष्याची चाहूल घेणे, त्यावर नजर रोखणे, दबकत जाणे, पाठलाग करणे, पकडणे आणि मारणे. माणसाने हजारो वर्षांच्या निवडीतून कुत्र्यांच्या जाती घडवल्या, तेव्हा या साखळीतील काही कड्या बळकट केल्या, तर काही ढिल्या केल्या. मेंढ्या हाकणाऱ्या जातींत नजर रोखणे आणि दबकत जाणे ठळक राहिले. लॅब्राडोरसारख्या जातीत सावज हलक्या तोंडाने उचलून आणण्याचा गुण जोपासला गेला. टेरियर जाती तर मुळात उंदीर-घुशींसारखे प्राणी मारण्यासाठीच तयार झाल्या. दख्खनच्या पठारावरील कारवान हाउंड हा नजरेने सावज हेरून वेगाने पाठलाग करणारा कुत्रा आहे. गावठी कुत्र्यामध्ये ही सर्व साखळी कमी-अधिक प्रमाणात शाबूत असते; कारण त्याला अनेक पिढ्या स्वतःचे पोट स्वतःच भरावे लागले आहे.

या साखळीची पहिली कडी इंद्रियांची आहे. २०१८ साली पांढरकवडा वन विभागात टी-वन अर्थात 'अवनी' या वाघिणीच्या शोधमोहिमेत केन कोर्सो जातीचे कुत्रे आणले गेल्याचे येथील नागरिकांना आठवत असेल. कुत्र्याच्या नाकावर माणसाचा भरवसा इतका जुना आहे. तेच नाक घरात बंद खोलीतल्या हॅमस्टरचा माग क्षणात काढते. कानांचेही तसेच. माणसाला सुमारे २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक. उंदीरवर्गीय प्राणी आपसांत जे अतिसूक्ष्म आवाज काढतात, त्यातील काही भाग कुत्र्याच्या कानी पडू शकतो. रात्री सर्वत्र सामसूम असताना कुत्रा पिंजऱ्याकडे टक लावून बसला असेल, तर तेथे काहीच चाललेले नाही असे समजू नये.

लहान जिवाची बाजू

आजचा पाळीव सोनेरी हॅमस्टर प्रामुख्याने १९३० साली सीरियातील अलेप्पोजवळ प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहरोनी यांनी मिळवलेल्या एका मादीच्या व तिच्या पिल्लांच्या वंशातला मानला जातो. म्हणजे माणसाच्या सहवासाची त्याची परंपरा जेमतेम शंभर वर्षांची. गिनीपिग दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीत हजारो वर्षांपूर्वीच पाळला गेला. पण तोही स्वभावाने पळणारा आणि लपणारा प्राणी. दोघांच्याही रक्तात एकच शिकवण आहे : मोठा प्राणी, तीक्ष्ण वास आणि अचानक हालचाल म्हणजे मृत्यू.

वजनांची तुलना केली म्हणजे ही भीती समजते. हॅमस्टर सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, तर लॅब्राडोर तीस किलोच्या आसपास असतो. हे प्रमाण सुमारे अडीचशे पट होते. साठ किलोच्या माणसासमोर तीन-चार हत्तींच्या वजनाचा एकच प्राणी उभा राहावा, असा हा प्रकार आहे. अशा वेळी कुत्र्याचा हेतू खेळाचा असला तरी फरक पडत नाही. खेळात मारलेला एक पंजा हॅमस्टरचा कणा मोडण्यास पुरेसा असतो.

शिवाय दात न लागताही इजा होते. सतत भेदरलेला गिनीपिग खाणे सोडतो. त्याच्या आतड्यांचे काम चालू राहण्यासाठी पोटात सतत चारा जावा लागतो; बारा ते चोवीस तास त्याने काही खाल्ले नाही, तर जिवावर बेतू शकते. पिंजऱ्यात एका जागी थिजून राहणे, दात वाजवणे, लपण्याच्या जागेतून रात्रीही बाहेर न येणे, पिंजऱ्याच्या गजांना सतत चावत राहणे ही ताणाची लक्षणे आहेत. 'किती शांत बसला आहे' असे आपण कौतुकाने म्हणतो, ते पुष्कळदा भीतीने गोठणे असते.

सहवासाने काय बदलते?

एकत्र वाढलेले प्राणी एकमेकांना इजा करत नाहीत, असा सार्वत्रिक समज आहे. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. चिनी शास्त्रज्ञ झिंग-यांग कुओ यांनी १९३० साली मांजरांवर केलेला प्रयोग या संदर्भात प्रसिद्ध आहे. उंदीर मारणाऱ्या आईसोबत वाढलेल्या २१ पिल्लांपैकी १८ पिल्लांनी पुढे उंदीर मारले. एकटी वाढवलेल्या २० पिल्लांपैकी ९ जणांनी मारले. लहानपणापासून उंदरासोबत वाढलेल्या १८ पिल्लांपैकी केवळ ३ जणांनी मारले. तेही सोबत वाढलेल्या उंदराच्या जातीचे नव्हेत, दुसऱ्या जातीचे. प्रयोग मांजरांचा असला तरी त्यातून मिळणारा धडा कुत्रा पाळणाऱ्यांनाही उपयोगी आहे. ओळख एका जिवापुरती असते. ती आपोआप दुसऱ्या जिवाला लागू होत नाही. जुना हॅमस्टर गेल्यावर त्याच पिंजऱ्यात नवा आणला, तर सारी ओळख पहिल्यापासून करून द्यावी लागते.

कुत्र्याच्या पिल्लाच्या बाबतीत साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ सर्वांत महत्त्वाचा असतो. कोण आपले आणि कोण परके, याची घडण या काळात होते, हे स्कॉट आणि फुलर या अमेरिकी संशोधकांनी १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडले. त्या वयात पिल्लाने पिंजऱ्यातला गिनीपिग रोज पाहिला, तर पुढचे काम पुष्कळ सोपे होते. चार वर्षांच्या कुत्र्यापुढे हॅमस्टर प्रथमच आला, तर ते काम तितकेच लांबते.

विदर्भातील वाचकांना येथे हेमलकशाची आठवण होणे साहजिक आहे. १९७३ साली सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आमटे यांनी अनाथ वन्य प्राणी लहानपणापासून सांभाळले. तेथील 'नेगल' हा बिबट्या विलास मनोहर यांच्या पुस्तकामुळे मराठी घराघरांत पोहोचला. मात्र त्या सहजीवनामागे दिवसरात्र प्राण्यांसोबत राहणारी अनुभवी माणसे होती, हे विसरून चालणार नाही. नोकरी आणि शाळा सांभाळून उरलेल्या वेळात प्राणी पाळणाऱ्या कुटुंबाने त्या चित्रांवरून स्वतःच्या घराचा अंदाज बांधू नये.

आधी कुत्र्याची परीक्षा

नवा प्राणी आणण्यापूर्वी घरच्या कुत्र्याविषयी काही प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे द्यावीत. त्याने यापूर्वी उंदीर, खार किंवा कोंबडीचे पिल्लू मारले आहे काय? पळणाऱ्या मांजरामागे तो नाव घेऊन हाक मारली तरी धावतच राहतो काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेल, तर दोघांना कधीही एका खोलीत न आणणे हाच एकमेव मार्ग होय. तेवढी सोय घरात नसेल, तर हॅमस्टर न आणणेच शहाणपणाचे.

आपल्या भागात या मुद्द्याला आणखी एक कंगोरा आहे. कापूस, तूर, सोयाबीनच्या हंगामात घरात किंवा मागच्या खोलीत माल साठवला जातो आणि त्यासोबत उंदीरही येतात. कुत्र्याने एखादा उंदीर मारला, तर घरातले त्याची पाठ थोपटतात. तोच कुत्रा आठवड्याने पांढऱ्या उंदरावर झडप घालतो, तेव्हा त्याला मार बसतो. कोठीतला उंदीर शत्रू आणि पिंजऱ्यातला उंदीर लाडका, हा भेद माणसाचा आहे. कुत्र्याच्या नाकाला दोन्हींचा वास जवळपास सारखाच. त्यामुळे पाळीव उंदीर आणायचा असेल, तर कुत्र्याला उंदरामागे सोडण्याची सवय त्याआधी बंद करावी लागते.

'बस', 'थांब' आणि 'सोड' या तीन आज्ञा कुत्र्याला पक्क्या याव्यात. त्या मराठीत असोत की इंग्रजीत, त्याने काही बिघडत नाही. पण आजोबांनी 'बस', वडिलांनी 'सिट' आणि मुलांनी 'खाली' म्हटले, तर कुत्रा कोणाचेच ऐकत नाही. घरातील सर्वांनी एकच शब्द ठरवावा.

ओळख करून देताना

पहिला आठवडा नव्या प्राण्याचा. पिंजरा स्वतंत्र, दार लागणाऱ्या खोलीत ठेवावा. त्याला नव्या जागेची सवय होऊन तो नीट खाऊ-पिऊ लागेपर्यंत कुत्र्याला त्या खोलीत आणू नये.

त्यानंतर वासाची ओळख. पिंजऱ्यातील थोडे वापरलेले गवत वा कापडाचा तुकडा कुत्र्याला दुरून हुंगू द्यावा. तो शांत राहिला की खाऊ द्यावा. तो तुकडा तोंडात घेऊ लागला, तर काढून घ्यावा. याच्या उलट, कुत्र्याच्या अंगावरचे कापड मात्र पिंजऱ्यात ठेवू नये. शिकारी प्राण्याचा वास उंदीरवर्गीयांना उपजतच भीतिदायक असतो आणि पिंजऱ्यात त्यांना त्यापासून दूर पळताही येत नाही. याच कारणासाठी कुत्र्याला कुरवाळल्यावर हात धुऊनच हॅमस्टरला हातात घ्यावे.

तिसरा टप्पा दृष्टिभेटीचा. कुत्र्याला आधी भरपूर फिरवून, खाऊ घालून आणावे. दमलेला आणि पोट भरलेला कुत्रा लवकर शिकतो. त्याला पट्ट्याने धरून पिंजऱ्यापासून आठ-दहा फुटांवर बसवावे. पिंजरा टेबलावर, भिंतीला टेकून, पडणार नाही असा ठेवावा आणि त्याच्या आत लपण्यासाठी जागा असावी. कुत्र्याने पिंजऱ्याकडे पाहिले आणि स्वतःहून नजर वळवून मालकाकडे पाहिले, की त्याच क्षणी शाबासकी व खाऊ द्यावा. दोन-तीन मिनिटांत भेट संपवावी. अशा छोट्या भेटी रोज घेत, अनेक दिवसांत अंतर हळूहळू कमी करावे. कोणत्याही टप्प्यावर कुत्रा बेचैन झाला, तर मागच्या अंतरावर परतावे. येथे घाई केली तर आधीचे दिवस वाया जातात.

बेचैनी ओळखावी कशी? अंग ताठ होणे, तोंड एकाएकी मिटणे, एक पाय उचलून धरणे, अंग थरथरणे, बारीक कुंईकुंई करणे, नाव घेतल्यावरही मान न वळवणे आणि आवडता खाऊही नाकारणे, ही शिकारीच्या साखळीची सुरुवात आहे. शेपटी हलते आहे म्हणून निर्धास्त होऊ नये. ताठ उभारलेली, झपझप हलणारी शेपटी उत्तेजनाची खूण असते. कुत्र्याने पिंजऱ्यासमोर जांभई द्यावी, अंग सैल सोडावे, पाठ फिरवून झोपून जावे, ते यशाचे लक्षण.

हे सर्व साधल्यावरही दोघांना एकत्र मोकळे सोडू नये. मोबाईलवर कुत्र्याच्या डोक्यावर हॅमस्टर बसलेल्या चित्रफिती दिसतात. त्यात कॅमेरा बंद झाल्यानंतरचे काही दिसत नसते. हॅमस्टर घाबरून एकदा पळाला, की शांत कुत्र्यातलीही पाठलागाची कडी जागी होते. ती जागी झाल्यापासून पकडण्यापर्यंत एक सेकंद पुरतो. 'सोड' म्हणायलाही तेवढाच वेळ लागतो.

मे महिन्यातील दुपार

परदेशी पुस्तकांत 'दोघांना वेगळ्या खोलीत ठेवा' असा सल्ला असतो. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा या सल्ल्याची खरी कसोटी लागते. बहुतेक घरांत कूलर एकाच खोलीत असतो. दुपारी सारे कुटुंब तेथेच विसावते, कुत्राही तेथेच फरशीवर पसरतो. हॅमस्टर आणि गिनीपिग यांना घामावाटे अंग थंड करता येत नाही. तीस अंशांच्या वर गिनीपिगला उष्माघाताचा धोका असतो. त्यामुळे त्याला दुसऱ्या तापलेल्या खोलीत ठेवणेही घातकच. अखेरीस पिंजरा कूलरच्या खोलीत येतो, गारव्यासाठी फरशीवर ठेवला जातो, घरातल्यांचा डोळा लागतो आणि जागा राहतो तो केवळ कुत्रा. वर्षातील सर्वांत धोक्याची वेळ ही आहे. वीज गेल्याने दारे-खिडक्या उघडल्या जातात, माणसे उठून बाहेर येतात, तेव्हाही हेच घडते.

यावर उपाय आहेत. पिंजरा कूलरच्या खोलीतच, पण उंच व जड टेबलावर, हवेचा झोत थेट अंगावर येणार नाही अशा बाजूला ठेवावा. पिंजऱ्यात मातीचे लहान मडके आडवे ठेवल्यास गारवाही मिळतो आणि लपण्याची जागाही. फरशीचा एक तुकडा आणि कापडात गुंडाळलेली बर्फाच्या पाण्याची बाटली यांचाही उपयोग होतो. पिंजऱ्याच्या दाराला जादा कडी किंवा चाप लावावा. कोणीही जागे राहणार नसेल, तर कुत्र्याला खोलीच्या दुसऱ्या टोकाला, पिंजऱ्यापर्यंत पोहोचणार नाही अशा लांबीच्या साखळीने, पाण्याचे भांडे जवळ ठेवून बांधावे. ही तयारी मार्चमध्येच करावी; कुत्र्याला ती जागा आपली वाटू लागण्यास काही आठवडे लागतात.

इजा झाली तर

कुत्र्याने तोंडात धरलेला प्राणी वरवर ठीक दिसला, तरी त्याला पशुवैद्यकाला दाखवावे. दातांची छिद्रे केसांखाली दिसत नाहीत. जंतुसंसर्ग आणि आतील दुखापत काही तासांनी उघड होते. जखमी प्राण्याला हवा खेळती राहील अशा अंधाऱ्या, शांत खोक्यात ठेवून न्यावे.

घरात उरलेली प्रतिजैविके परस्पर देऊ नयेत, ही सूचना विशेष महत्त्वाची आहे. पेनिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन ही माणसाच्या व कुत्र्याच्या उपचारांत नेहमीची औषधे. पण तोंडावाटे दिल्यास ती गिनीपिग आणि हॅमस्टर यांच्या आतड्यांतील उपयुक्त जिवाणू नष्ट करतात आणि त्यातून प्राणी दगावू शकतो. कुत्र्याच्या गोचिडांवरचे औषधही त्यांना परस्पर लावू नये. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मुख्यतः गुरे आणि शेळ्यांवर उपचार होतात. त्यामुळे इतक्या लहान प्राण्यावर तेथे उपचार होतील काय, याची चौकशी प्राणी आणण्यापूर्वीच करून ठेवावी. नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय येथून सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे आणि जखमी हॅमस्टरसाठी ते अंतर फार मोठे ठरते.

दोघांना सोडवताना माणसाला चावा बसल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्वरित शासकीय रुग्णालयात जावे. कुत्रा घरचा असला तरी रेबीजच्या लसीबाबतचा निर्णय डॉक्टरांनाच घेऊ द्यावा. कुत्र्याचे दरवर्षीचे लसीकरण चुकवू नये. रेबीजसोबतच लेप्टोस्पायरोसिसची लसही महत्त्वाची. कारण उंदरांच्या मूत्रातून पसरणारा हा रोग कुत्र्याला आणि माणसालाही होतो. गिनीपिगच्या अंगावरील केस गोलाकार गळू लागल्यास गजकर्णाची शंका घ्यावी. तेही घरातल्या इतरांना लागते.

कायद्याच्या दोन बाबीही ध्यानात ठेवाव्यात. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार करमणुकीसाठी एका प्राण्याला दुसऱ्यावर सोडणे हा गुन्हा आहे. तसेच कडुनिंबावरून पडलेले खारीचे पिल्लू म्हणजे पाळीव प्राणी नव्हे. वन्य जिवांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो. असे पिल्लू सापडल्यास वन विभागाला कळवावे.

काय करावे?
- पिंजरा नेहमी उंच, जड आणि पक्क्या कडीचा ठेवावा. आत लपण्याची जागा असावी.
- भेटी छोट्या, रोज आणि पट्ट्यावरच घ्याव्यात.
- कुत्र्याने नजर वळवली की शाबासकी द्यावी.
- नवा प्राणी आला की ओळख पहिल्यापासून करून द्यावी.
- कुत्र्याला रोज पूर्वीइतकाच वेळ द्यावा.

काय टाळावे?
- हॅमस्टरला हातात धरून कुत्र्याच्या नाकाशी नेणे.
- छायाचित्रासाठी दोघांना एकत्र बसवणे.
- गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारणे. त्याने तो गुरगुरण्याची सूचना देणे सोडतो आणि थेट झडप घालतो.
- लहान मुलांवर देखरेख सोपवून दुपारी झोपणे.

हॅमस्टरचे आयुष्य जेमतेम दोन-तीन वर्षांचे, गिनीपिगचे पाच ते आठ वर्षांचे. कुत्रा त्यानंतरही घरात असतो. घाईने घडलेल्या एका अपघातानंतर मुलांच्या नजरेत तो कायमचा 'मारणारा' ठरतो आणि पुष्कळदा त्याची रवानगी शेतावर होते. तो अपघात टाळण्याचा पाठ कुत्र्याच्या आधी घरातल्या मोठ्यांनी गिरवायचा असतो.